चॅट्सवर्थचे घर आणि टेकडीवरचे पाणी

इंग्लंडच्या उत्तर-मध्य भागात, शेफील्ड आणि मँचेस्टर या दोन जुन्या कारखानदारी शहरांच्या मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. १९५१ साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेल्या या प्रदेशाच्या पूर्व भागात, डर्बीशर परगण्यात, डर्वेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थ हे डेव्हनशरच्या ड्यूकांचे, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचे निवासस्थान आहे. इंग्रज लोक ज्याला ‘कंट्री हाउस’ म्हणतात ते नुसते उन्हाळी विश्रांतीचे घर नसते. हजारो एकर शेती, कुरणे, जंगल, खाणी आणि कित्येक गावे ज्या घराण्याच्या मालकीची असत, त्याचे ते मुख्य ठाणे असे, आणि राजकारणातल्या गाठीभेटींपासून कुळांकडून खंड वसूल करण्यापर्यंतचे सगळे व्यवहार तिथूनच चालत. चॅट्सवर्थला येणारे बहुतेक प्रवासी आधी घर पाहतात आणि उरलेल्या वेळात बाग उरकतात. हा क्रम बदलायला हवा, कारण गेल्या सव्वातीनशे वर्षांत इथे जे जे उभे राहिले त्यातले बरेचसे घरामागच्या टेकडीवरून उतरणाऱ्या पाण्याच्या आधाराने उभे राहिले आहे, आणि ते पाणी ज्याने पाहिले नाही त्याला ही वास्तू केवळ एक श्रीमंती थाट वाटण्याचा धोका असतो.

घर नदीच्या पूर्व तीरावर आहे. त्याच्या पाठीशी स्टँड वुड नावाच्या जंगलाने झाकलेला खडा चढ असून तो चढून गेल्यावर वर मूर लागतो. मूर म्हणजे झुडपी हेदर आणि खरखरीत गवत यांनी भरलेला, सदा ओलसर राहणारा उंचावरचा माळ. या माळावरची काळी, सच्छिद्र माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. ते पाणी उघड्या चरांतून वळवून टेकडीच्या माथ्यावर खोदलेल्या तळ्यांत साठवायचे आणि तिथून नळांनी खाली बागेत आणायचे, ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली. वरच्या तळ्याच्या पातळीमुळे मिळणारा दाब एवढाच तिचा आधार असल्याने कारंजी उडवायला यंत्राची गरज पडत नाही.

या जागेचा इतिहास एका विलक्षण कर्तबगार स्त्रीपासून सुरू होतो. हार्डविक इथल्या मध्यम परिस्थितीतल्या कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथने, जी इतिहासात ‘बेस ऑफ हार्डविक’ या नावाने ओळखली जाते, चार लग्ने केली आणि प्रत्येक लग्नागणिक आपली संपत्ती व प्रतिष्ठा वाढवत नेली. तिचा दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश हा आठव्या हेन्रीने ख्रिस्ती मठ बरखास्त केले त्या वेळी मठांच्या मालमत्तेची मोजदाद करणारा सरकारी अधिकारी होता, आणि त्या कामातून तो स्वतःही गब्बर झाला होता. दूर सफक परगण्यातली जमीन विकून आपल्या माहेरच्या प्रदेशात यायला बेसने त्याला राजी केले. १५४९ साली त्यांनी ६०० पौंडांना चॅट्सवर्थची जहागीर विकत घेतली आणि १५५२ मध्ये नदीकाठी पहिल्या घराचे बांधकाम सुरू केले. पुढे बेसचा चौथा नवरा, श्रूझबरीचा अर्ल, याच्याकडे स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिच्या नजरकैदेची जबाबदारी आली, आणि १५७० नंतरच्या वर्षांत ती अनेकदा चॅट्सवर्थला आणून ठेवली गेली. बेसच्या काळातले घर आज दिसत नाही, पण जंगलाच्या कडेला उंचावर तिने बांधलेला शिकारीचा मनोरा, हंटिंग टॉवर, चार गोल बुरुजांसह अजून उभा आहे, आणि खोऱ्यात शिरणाऱ्याला तो दुरूनच दिसतो.

आजचे घर मुख्यतः पहिल्या ड्यूकचे आहे. डेव्हनशरचा चौथा अर्ल असलेला हा विल्यम कॅव्हेंडिश राजा दुसऱ्या जेम्सचा कट्टर विरोधक होता; १६८८ साली हॉलंडच्या विल्यमला इंग्लंडचे सिंहासन स्वीकारण्याचे निमंत्रण ज्यांनी पाठवले त्यांत तो होता, आणि या राजनिष्ठेचे फळ म्हणून १६९४ मध्ये त्याला ड्यूक हा सरदारकीतला सर्वांत वरचा किताब मिळाला. १६८७ च्या सुमारास विल्यम टॅलमन या वास्तुकाराच्या हातून त्याने घराची फक्त दक्षिण बाजू नव्याने बांधायला घेतली होती. बांधकामाची चटक एकदा लागल्यावर मात्र तो थांबू शकला नाही. एकामागून एक चारही बाजू पाडून नव्या उभारल्या गेल्या, टॅलमनशी बिनसले, उत्तरेकडचा दर्शनी भाग टॉमस आर्चरकडे गेला, आणि १७०७ साली काम पुरे होत आले त्याच वर्षी ड्यूक वारला. पिवळसर वालुकाश्माच्या, सपाट माथ्याच्या या इमारतीच्या खिडक्यांच्या चौकटी बाहेरून सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या आहेत. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेला दगड स्वच्छ करून आणि नवा वर्ख चढवून अलीकडच्या मोठ्या जीर्णोद्धारात घराला त्याचा मूळ रंग परत दिला गेला, त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेचे ऊन भिंतीवर पडले की सगळी दर्शनी बाजू नदीपलीकडून उजळलेली दिसते.

आत शिरल्यावर पहिला ठसा उमटतो तो ‘पेंटेड हॉल’चा. लुई लागेर या फ्रेंच चित्रकाराने या दालनाच्या भिंती आणि छत ज्युलियस सीझरच्या आयुष्यातल्या प्रसंगांनी भरून टाकले आहे. नव्या राजाची रोमच्या विजेत्याशी अप्रत्यक्ष तुलना करून त्याला खूश करावे, हा हेतू त्यामागे होता. वरच्या मजल्यावरची ‘स्टेट अपार्टमेंट्स’, म्हणजे राजाराणी मुक्कामाला आल्यास त्यांच्यासाठी राखून ठेवलेली दालनांची मालिका, याच हेतूने सजवली गेली. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ही दालने जात असून त्यांची दारे एका सरळ रेषेत आहेत. जितके आत जाता येईल तितका पाहुण्याचा मान मोठा, असा दरबारी संकेत त्या रचनेत होता. विल्यम राजा आणि त्याची राणी मेरी मात्र चॅट्सवर्थला कधीच आले नाहीत. ज्यांच्यासाठी सजवली ते कधी आलेच नाहीत, अशा या दालनांवर झालेला खर्च आजच्या वाचकाला खटकेल, पण त्या खर्चावर स्थानिक कारागिरांची एक पिढी जगली आणि घडली, हेही तितकेच खरे. सॅम्युअल वॉटसन या डर्बीशरच्याच कारागिराचे लाकडातले कोरीव काम पूर्वी ग्रिन्लिंग गिबन्स या लंडनच्या नामवंताच्या नावावर खपवले जात असे, यावरून त्याची प्रत समजते. घरातल्या प्रार्थनामंदिरातही स्थानिक सामग्रीच झळकते: वेदी डर्बीशरच्या अलाबास्टर या मऊ, दुधट दगडात कोरलेली आहे आणि तिच्याभोवतीचे काळे खांब जवळच्याच ॲशफर्ड गावच्या खाणीतले आहेत.

या दालनांत एक वस्तू अशी आहे की तिच्यासमोर प्रत्येक जण थबकतो. संगीत दालनाचे एक दार अर्धवट उघडे असते आणि त्यातून आतल्या दुसऱ्या दारावर रिबिनीने टांगलेले व्हायोलिन आणि त्याचा गज दिसतो. प्रत्यक्षात तिथे व्हायोलिन नाही. यान फान डेर फार्ट या डच चित्रकाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते फळीवर रंगवलेले आहे. वाद्याची दारावर पडलेली सावली, लाकडावरची चकाकी, तारांचा ताण हे सगळे इतके नेमके आहे की रेखाटलेले आहे हे सांगितल्यावरही डोळा ते मान्य करायला वेळ घेतो. जवळ जाण्यास मनाई आहे आणि अर्धवट दारामुळे ते एकाच कोनातून पाहता येते, म्हणून ही फसवणूक तीनशे वर्षे टिकून राहिली आहे.

घराच्या उत्तरेकडची लांब बाजू सहाव्या ड्यूकने १८२० नंतरच्या दशकात जेफ्री वायटव्हिल या वास्तुकाराकडून वाढवून घेतली, आणि तिच्यातले शिल्पदालन हे सबंध घरातले सर्वांत शांत आणि सुंदर दालन आहे, असे ठामपणे म्हणता येते. उगीच रंग, वर्ख आणि पडदे यांची गर्दी न करता त्याने भिंती स्थानिक वालुकाश्माच्याच ठेवल्या आणि छतातून उजेड घेतला, त्यामुळे पांढऱ्या संगमरवराला पूर्ण मोकळीक मिळाली. ड्यूकला आन्तोनिओ कानोव्हा या इटालियन शिल्पकाराचे वेड होते. त्याचा ‘झोपलेला एन्डिमिऑन’ आणि नेपोलियनच्या आईचा बसलेला पुतळा या दालनात आहेत. पण प्रेक्षकांची गर्दी असते ती राफाएले मोन्ती याच्या, १८४७ च्या सुमारास घडवलेल्या, बुरखा घेतलेल्या रोमन पुजारिणीसमोर. गुडघे टेकून बसलेल्या या तरुणीच्या चेहऱ्यावरून तलम वस्त्र उतरले आहे, त्याखाली मिटल्यासारख्या पापण्या, नाकाचा शेंडा आणि ओठांची कड स्पष्ट जाणवते, आणि तरीही वस्त्र व चेहरा हे दोन्ही एकाच घन पाषाणाचे आहेत. दगड कुठे पातळ आणि कुठे जाड ठेवायचा, कुठे तुकतुकीत घासायचा आणि कुठे खरखरीत सोडायचा, एवढ्याच साधनांनी मोन्तीने पारदर्शकतेचा भास निर्माण केला.

घरातून बागेत आल्यावर १०५ एकरांचा विस्तार समोर येतो, आणि टेकडीचा उतार अर्थपूर्ण वाटू लागतो. पहिल्या ड्यूकने फ्रान्सहून ग्रिये नावाच्या जलतज्ज्ञाला बोलावले. चौदाव्या लुईच्या व्हर्सायमधल्या बागांचा रचनाकार ले नोत्र याच्या तालमीत तो तयार झाला होता. १६९६ मध्ये त्याने उतारावर ‘कॅस्केड’, म्हणजे दगडी पायऱ्यांवरून उतरणारा पाण्याचा रुंद पट्टा बांधला, आणि तो लहान वाटला म्हणून पाचेक वर्षांनी तो आणखी मोठा करण्यात आला. त्याच्या माथ्यावर टॉमस आर्चरने १७०३ साली देवळासारखी एक छोटी इमारत उभारली, जिच्या छतावरून आणि दगडी जलचरांच्या तोंडांतून पाणी खाली येते. पायऱ्यांचे असे २४ गट आहेत आणि प्रत्येक गटातल्या पायऱ्यांची संख्या व रुंदी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, त्यामुळे उतारावरून चालताना पाण्याचा आवाज टप्प्याटप्प्याला बदलतो: वर उथळ खळखळ, मध्ये दाट घोष, खाली पुन्हा हलका सूर. तळाशी पोहोचलेले पाणी जमिनीत गडप झाल्यासारखे दिसते, पण वाया जात नाही. तिथून ते नळाने दक्षिणेच्या हिरवळीवरच्या समुद्री घोड्यांच्या कारंज्यात, पुढे पश्चिमेच्या बागेतल्या कारंज्यात आणि अखेर नदीत जाते. उतरत्या पातळीचा एकेक टप्पा वापरून एकाच पाण्याकडून तीनदा काम करून घेण्याची ही युक्ती त्या काळच्या अभियांत्रिकीचा उत्तम नमुना आहे. तीनशे वर्षांच्या वापराने पायऱ्यांमधून पाणी झिरपू लागल्याने या कॅस्केडच्या मोठ्या दुरुस्तीची गरज निर्माण झाली आहे.

पहिल्या ड्यूकच्याच काळात घराच्या दक्षिणेला २८७ मीटर लांबीचा सरळ आयताकृती ‘कॅनॉल पाँड’ खोदला गेला, आणि झाडीत एका आडबाजूला धातूचे विलोचे झाड उभारले गेले, ज्याच्या फांद्यांतून जवळ येणाऱ्यावर अचानक पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात. मूळ झाड झिजल्यावर ते नव्याने घडवले गेले. १८३२ मध्ये तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया इथे आली होती तेव्हा तिला या झाडाची भारी गंमत वाटली होती.

अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांची बागेबद्दलची आवड मुळापासून बदलली. भौमितिक आकारांत कापलेली झुडपे आणि नक्षीदार वाफे, ज्यांना ‘पार्टेर’ म्हणत, ते कृत्रिम वाटू लागले आणि हिरवळीचे लांब चढउतार, विखुरलेली मोठी झाडे आणि संथ पाणी अशा ‘नैसर्गिक’ देखाव्याला मान मिळाला. हा देखावा निसर्गाने दिलेला नसे, तो हजारो गाड्या माती हलवून तयार करावा लागे. चौथ्या ड्यूकने, जो १७५६-५७ मध्ये काही महिने पंतप्रधानही होता, या कामासाठी लॅन्सलॉट ब्राउन याला आणले. कोणत्याही जागेत सुधारणेला वाव आहे असे तो मालकांना सांगत असे, म्हणून त्याला ‘केपेबिलिटी’ ब्राउन हे नाव पडले. त्याने जुने वाफे बुजवून हिरवळ केली, नदीच्या पात्रात फेरबदल केले आणि पश्चिमेकडच्या टेकड्यांवर झाडांचे पुंजके लावले. जेम्स पेन या वास्तुकाराने घोड्यांचे भव्य तबेले आणि नदीवरचा पूल बांधला. पूर्वी पाहुणे मागच्या टेकडीवरून उतरून येत, आता ते पश्चिमेकडून, पूल ओलांडताना संपूर्ण घर एका नजरेत घेत येऊ लागले. घरातून दिसणारी एन्सर गावातली घरेही या काळात हटवली गेली. आज पुलावर उभे राहून जो रम्य देखावा टिपला जातो तो कोणाच्या तरी अंगणावरून नांगर फिरवून मिळालेला आहे, हे लक्षात ठेवूनच तो पाहावा. ब्राउनने कॅस्केड मात्र शाबूत ठेवले, त्याबद्दल त्याचे आभार मानावे तितके थोडे.

चॅट्सवर्थच्या बागेचा सर्वांत विलक्षण काळ मात्र अजून यायचा होता. सहावा ड्यूक १८११ मध्ये एकविसाव्या वर्षी गादीवर आला आणि आयुष्यभर अविवाहित राहिला. लंडनजवळ चिझिक इथल्या त्याच्या घराला लागून बागायती संस्थेची बाग होती. तिथे काम करणारा जोसेफ पॅक्स्टन हा शेतकरी कुटुंबातला तरुण त्याच्या नजरेत भरला, आणि अवघ्या २२ व्या वर्षी ड्यूकने त्याला चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमले. मे १८२६ मधल्या आपल्या पहिल्या सकाळचे वर्णन पॅक्स्टनने स्वतःच लिहून ठेवले आहे: पहाटे साडेचारला तो पोहोचला, फाटक बंद म्हणून ते चढून आत गेला, सगळी बाग पायाखाली घातली, सहा वाजता माणसांना कामाला लावले, कारंजी सुरू करून पाहिली, मग घराच्या व्यवस्थापिकेकडे न्याहारीला बसला आणि तिच्या भाचीच्या, सेरा बाउनच्या, प्रेमात पडला. पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले, आणि पॅक्स्टन कामानिमित्त देशभर फिरत असताना बागेचा सगळा कारभार सेराने सांभाळला. पॅक्स्टनच्या कीर्तीत तिचा वाटा किती मोठा होता हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पॅक्स्टनला टेकडीवरच्या पाण्याची ताकद पुरती उमगली होती. रशियाचा झार पहिला निकोलस १८४४ मध्ये इंग्लंडला येणार असे कळल्यावर ड्यूकने, जो १८२६ साली त्याच्या राज्याभिषेकाला ब्रिटनचा खास राजदूत म्हणून गेला होता, झारच्या देशातल्या कारंज्यांहून उंच कारंजे उभारायचे ठरवले. त्यासाठी घरापेक्षा सुमारे ३५० फूट उंचीवर, माळावर आठ एकरांचे तळे खोदले गेले, तिथपासून कॅनॉल पाँडपर्यंत जाड नळ टाकले गेले आणि रात्री मशालींच्या उजेडात काम चालवून अवघ्या सहा महिन्यांत ते पूर्ण झाले. या ‘एम्परर’ कारंज्याचा उंचीचा नोंदलेला विक्रम २९६ फुटांचा आहे. झार मात्र चॅट्सवर्थला आलाच नाही. पण हे पाणी शोभेपुरते राहिले नाही. १८९३ पासून १९३६ पर्यंत त्याच्या दाबावर घरासाठी वीज निर्माण केली गेली, आणि १९८८ मध्ये नवी टर्बाइन बसवून ते काम पुन्हा सुरू करण्यात आले.

पॅक्स्टनचे सर्वांत धाडसी काम आज अस्तित्वात नाही. १८३६ ते १८४० या वर्षांत त्याने ‘ग्रेट कॉन्झर्व्हेटरी’ नावाचे २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद आणि ६७ फूट उंच काचघर उभारले. थंड देशात उष्ण कटिबंधातली झाडे जगवायची तर हवा सतत उबदार ठेवावी लागते. त्यासाठी जमिनीखाली बॉयलर होते, मैलोन्‌मैल लांबीच्या गरम पाण्याच्या नळ्या होत्या आणि कोळसा नेणाऱ्या गाड्या पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून भुयारी मार्ग होता. १८४३ च्या डिसेंबरमध्ये व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा काचघरात बारा हजार दिवे लावले होते आणि राणीची गाडी घोड्यांसह मधल्या रस्त्यावरून फिरवण्यात आली. १८४९ मध्ये पॅक्स्टनने दक्षिण अमेरिकेतल्या अवाढव्य पानांच्या कमळाला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा फुलवले आणि आपली लहान मुलगी ॲनी हिला त्याच्या तरंगत्या पानावर उभे करून पानाची ताकद दाखवली. पानाच्या खालच्या बाजूला मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या जाड शिरा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा यांमुळे एवढे पातळ पान भार पेलते, हे त्याच्या ध्यानात आले होते. पन्हाळी घडीचे काचेचे छप्पर तो आधीपासून बांधत आलाच होता. या सगळ्या प्रयोगांच्या बळावर त्याने लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी १८४८ फूट लांबीचा ‘क्रिस्टल पॅलेस’ रचला आणि एका माळ्याला ‘सर’ हा किताब मिळाला.

या काचघरांचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. मॉरिशसमार्गे इंग्लंडला आलेले एक बुटके चिनी केळीचे झाड पॅक्स्टनने मिळवले. ते १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये फुलले, पुढच्या वसंतात त्याला शंभराहून अधिक केळी लागली आणि ड्यूकच्या घराण्यावरून त्याला कॅव्हेंडिश हे नाव देण्यात आले. तिथून ही रोपे मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर गेली आणि आज जगाच्या बाजारातली बहुतेक केळी याच कॅव्हेंडिश गटातली असतात. जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची जुनी बसराई काय आणि ऊतिसंवर्धित रोपांपासून घेतली जाणारी ग्रँड नैन काय, दोन्ही याच गटातल्या जाती आहेत. रावेर-यावलच्या केळीबागा चॅट्सवर्थहून आल्या असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण या गटाचे मूळ आशियातच आहे. पण त्या गटाचे जगभर चालणारे नाव मात्र डर्बीशरमधल्या एका काचघरात पडले.

दुर्मीळ झाडांच्या या हव्यासाची किंमतही मोजली गेली. १८३५ मध्ये ड्यूकने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडच्या जहाजातून भारतात पाठवले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नथॅनिएल वॉलिच यांच्या मदतीने त्याने खासी टेकड्या पालथ्या घातल्या, ऑर्किडांचा मोठा खजिना आणि ॲमहर्स्टिया हे लाल फुलांच्या झुबक्यांचे ब्रह्मदेशी झाड घेऊन तो १८३७ मध्ये सुखरूप परतला. ज्या झाडासाठी मुख्यतः हा खटाटोप झाला ते झाड इंग्लंडमध्ये फुलण्याचा पहिला मान मात्र चॅट्सवर्थऐवजी लंडनजवळच्या ईलिंगमधल्या एका बागेला मिळाला. गिब्सनच्या यशाने उत्साहित होऊन पुढच्याच वर्षी उत्तर अमेरिकेला पाठवलेले रॉबर्ट वॉलेस आणि पीटर बँक्स हे दोन माळी कोलंबिया नदीत बुडून मेले. बागेची मार्गदर्शिका वाचणाऱ्याने ही दोन नावेही स्मरणात ठेवावीत.

‘ग्रेट कॉन्झर्व्हेटरी’चा शेवट दुःखद झाला. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि माणसे दोन्ही मिळेनात, आतली झाडे थंडीने मेली, आणि १९२० मध्ये सुरुंग लावून ते पाडण्यात आले. पॅक्स्टनचे बांधकाम इतके भक्कम होते की एका स्फोटात ते पडले नाही. त्याच्या पायाच्या भिंती अजून आहेत आणि आतल्या जागेत १९६२ मध्ये यू या सदाहरित झाडाच्या कुंपणांचा चक्रव्यूह लावला गेला, ज्यात मुले आज हरवत-सापडत खेळतात.

घराण्यावरचे खरे संकट त्यानंतर आले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने घर ताब्यात घेऊन त्याची नासाडी करू नये म्हणून ते वेल्समधल्या पेनरोस कॉलेज या मुलींच्या शाळेला दिले गेले आणि राजासाठी सजवलेल्या दालनांत पलंगांच्या रांगा लागल्या. दहाव्या ड्यूकचा वारसदार मुलगा १९४४ मध्ये युद्धात मारला गेला. १९५० साली दहावा ड्यूक अचानक वारला. कायद्याने ठरवलेल्या पाच वर्षांच्या मुदतीला काही आठवडे कमी पडल्याने त्याने धाकट्या मुलाच्या नावे केलेली मालमत्ता करमुक्त ठरली नाही, आणि मागे राहिलेल्या मालमत्तेवर ८० टक्के वारसाकर बसला. हजारो एकर जमीन विकली गेली, रेम्ब्राँ, रूबेन्स आदींची चित्रे सरकारजमा झाली, बेसने उतारवयात बांधलेले हार्डविक हॉल करापोटी गेले आणि पुढे १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसासंस्थेकडे आले. शेवटचा हिशेब मिटायला १९७४ साल उजाडले. त्या काळात इंग्लंडमधली शेकडो अशी घरे पाडली गेली. चॅट्सवर्थ टिकले याचे मोठे श्रेय अकरावा ड्यूक अँड्र्यू आणि त्याची पत्नी डेबोरा यांना जाते. तिने शेतमालाचे दुकान, मुलांसाठी गोठा-कोंबड्यांचे आवार, उपाहारगृह असे व्यवसाय सुरू केले, आणि १९८१ मध्ये घर व बाग विश्वस्त संस्थेच्या हवाली झाली, जिच्याकडून ते घराणे आज भाड्याने राहते. तिकिटाचा पैसा घराच्या डागडुजीतच जातो.

लोकांसाठी घर खुले ठेवण्याची रीत मात्र करामुळे आलेली नाही. सहाव्या ड्यूकचा हुकूमच होता की आलेल्या प्रत्येकाला घर दाखवावे आणि साध्यातल्या साध्या माणसासाठीही कारंजी सोडावीत. १८४९ मध्ये जवळच्या राउझलीपर्यंत रेल्वे पोहोचली त्या उन्हाळ्यात ८०,००० लोक आले, त्यांत कारखान्यांतले कामगार मोठ्या संख्येने होते.

चॅट्सवर्थला जाण्यासाठी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून शेफील्ड किंवा चेस्टरफील्ड गाठावे आणि पुढे बसने जावे. घर हिवाळ्यात काही काळ बंद असते, म्हणून तारखा आधी तपासणे आवश्यक आहे. वेळ एकच दिवसाचा असल्यास घराला दोन तास पुरेत, उरलेला वेळ बागेला द्यावा. टॉम स्टुअर्ट-स्मिथ आणि डॅन पिअर्सन या आजच्या उद्यानरचनाकारांनी खडकांच्या बागेत व माशांच्या ओढ्याकाठी केलेली नवी लागवड जूनमध्ये भरात असते. तिकीट काढण्याआधी, स्टँड वुडमधून हंटिंग टॉवरपर्यंत आणि तिथून एम्परर तळ्यापर्यंत जाणारी वाट अवश्य चढावी. ती सर्वांना विनामूल्य खुली आहे, पावसाने निसरडी होते, म्हणून जाड तळव्यांचे बूट घालावेत. वाऱ्याच्या दिवशी एम्परर कारंजे कमी उंचीवर ठेवतात किंवा बंदच करतात, तेव्हा जमल्यास वारा पडलेला दिवस निवडावा.